पट्टा, चामडं आणि नातवाचा क्लच

मंडळी, यावेळचा विषय बघून आमच्या घरातले काहीजण गालातल्या गालात हसतील. जन्मात सायकलपलीकडे काही न चालवलेल्या बाईने मोटारीच्या क्लचवर लिहावं! पण उभी हयात इतिहास शिकवण्यात गेली. हातातल्या खडूलाही इतिहास असतो हे मुलांना सांगितलं, मग क्लचनेच काय पाप केलं?

निमित्त असं. कॅलिफोर्नियातल्या माझ्या नातवाकडे १९९० सालची माझदा मियाटा आहे. दोन माणसांची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार. घेतली हौसेने, पण रोज नोकरीवर जायला त्याच्याकडे तीच एक गाडी. तिचा क्लच घसरू लागला. चढावर इंजिन ओरडतं, गाडी वेग घेत नाही. शिक्षणाचं कर्ज अजून फिटायचंय, त्यामुळे एकदा केलेला खर्च सहा महिन्यांनी पुन्हा करणं परवडणारं नाही. पर्याय तीन: मोडीतल्या गाडीचा जुना क्लच, कारखान्यात बसतो तसा साधा नवा संच, किंवा शर्यतीचा महागडा क्लच. मित्र म्हणतात, स्पोर्ट्स कार आहे तर शर्यतीचाच घे. मी म्हटलं, आधी जरा मागे जाऊन बघू.

१८८६ साली कार्ल बेंझने पेटंट घेतलं त्या तीनचाकी गाडीत इंजिनची ताकद पट्ट्याने जात असे. थांबायचं तर पट्टा सैल फिरणाऱ्या पुलीवर सरकवायचा, निघायचं तर घट्ट पुलीवर. गावातली पट्ट्यावरची पिठाची गिरणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच कळेल. इंजिन चालूच राहायला हवं, चाकं मात्र हवी तेव्हा थांबायला हवीत, हाच क्लचचा मूळ प्रश्न.

पुढे शंकूच्या आकाराचा क्लच आला. फ्लायव्हीलच्या खोबणीत चामड्याने मढवलेला शंकू दाबून बसायचा. चामडं कोरडं पडलं की गाडी हिसका देऊन सुटायची, म्हणून तेल चोळायचं. तेल जास्त झालं की क्लच घसरायचा, म्हणून वर मातीची बारीक पूड टाकायची. म्हणजे ड्रायव्हर अर्धा मोचीच!

चामड्याला उष्णता सोसत नाही. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या हर्बर्ट फ्रूडने १८९७ साली ब्रेकचे ठोकळे करायला घेतले. त्याच्याच आडनावाची अक्षरं फिरवून, त्यात एक 'ई' घालून 'फेरोडो' हे नाव झालं. विसाव्या शतकात ब्रेक आणि क्लचच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस आलं. ते जळत नव्हतं, पण त्याची किंमत कामगारांच्या फुफ्फुसांनी मोजली. ब्रिटनने १९९९ साली त्यावर पूर्ण बंदी घातली. आता काचतंतू, राळ वगैरे मिश्रणांचं अस्तर असतं. म्हणूनच नातवाला पहिली सूचना दिली की जुन्या गाडीचा क्लच उघडताना आतली धूळ हवेच्या झोताने उडवू द्यायची नाही.

दुसरी सुधारणा स्प्रिंगची. आधी प्रेशर प्लेट दाबायला गोल वेटोळ्यांच्या अनेक स्प्रिंगा असत. प्लेट झिजत जाई तसा त्यांचा दाब कमी होई, आणि पेडलही जड. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३०च्या दशकात बशीसारखी एकच स्प्रिंग आणली. जर्मनीत १९६५ साली सुरू झालेल्या लुक कंपनीने ती युरोपात रुजवायला मोठा हातभार लावला. बशीच्या स्प्रिंगमुळे प्लेट झिजली तरी दाब बराचसा टिकतो आणि पायाला त्रास कमी.

आता मियाटा. साठच्या दशकातल्या इंग्लिश स्पोर्ट्स गाड्या देखण्या, पण तेल गळणाऱ्या आणि वेळी-अवेळी रुसणाऱ्या. हिरोशिमाच्या माझदाने तशीच हलकी गाडी केली, मात्र रोज वापरता येईल अशी. फेब्रुवारी १९८९ मध्ये ती शिकागोच्या प्रदर्शनात मांडली. अमेरिकेत सुरुवातीची किंमत सुमारे १३,८०० डॉलर. इंजिन १.६ लिटर, ताकद ११६ अश्वशक्ती, क्लच प्लेट २०० मिलिमीटरची. पुढच्या १.८ लिटरच्या गाडीत ती २१५ झाली. म्हणजे घोडा आणि लगाम एकमेकांना जोखूनच दिले होते.

शर्यतीच्या क्लचमध्ये बरेचदा अखंड अस्तराऐवजी कठीण ठोकळे असतात. ते पकडतात घट्ट, पण एकदम. सिग्नलला गाडी थरथरते, पेडल जड होतं. शर्यतीत चालतं, रोज ऑफिसला जाताना गुडघा बोलू लागतो. मोडीतला जुना क्लच स्वस्त खरा, पण या गाडीत क्लचपर्यंत पोचायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मजुरी सामानाहून जड. वर्षभरात पुन्हा उघडायचं म्हणजे चार आणे वाचवून रुपया घालवणं.

तेव्हा मधला पर्याय. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकाच संचात. फ्लायव्हीलच्या बाजूचं छोटं बेअरिंगही त्याच वेळी बदलायचं. फ्लायव्हील घासून सपाट करायचं, इंजिनचं मागचं ऑइल सील पाहायचं. पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा स्लेव्ह सिलिंडर या गाड्यांत गळतो, तोही तपासायचा. नुसता गिअर अडत असेल तर दोष बरेचदा तिथेच असतो, आणि तो खर्च किरकोळ. संच घेतला एक्सेडीचा. ही जपानच्या ओसाका भागातली कंपनी, आणि तिचा कारखाना आपल्या औरंगाबादेतही, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात. ते ऐकून नातू म्हणाला, "म्हणजे माहेरचाच म्हण की!"

पहिले काही शे किलोमीटर गाडी बेताने चालवायची, म्हणजे अस्तर नीट बसतं.

पट्ट्यापासून इथवर प्रत्येकाने शोधलं ते एकच: हळुवार घसरून मग घट्ट धरणारी वस्तू. क्लच थोडाथोडा झिजतो म्हणून गिअरबॉक्स वाचतो. अजिबात घसरणार नाही असा क्लच मागणं म्हणजे न झिजणारा खडू मागणं. तो टिकेल पुष्कळ, पण फळ्यावर काही उमटायचं नाही.