आणखी अर्धा फेरा

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये मी पुण्याहून भडगावला आलो तो दोन आठवड्यांसाठी. राहिलो वर्षभर. दिवसा लॅपटॉप, संध्याकाळी करायला काहीच नाही. घरामागच्या खळ्यात आजोबांची बुलेट उभी होती, जुन्या गोणपाटांनी झाकलेली. आजोबा गेल्यापासून सहा वर्षं तिला कुणी किक मारली नव्हती.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर. पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा कानशीने घासून चौकोनी केला होता, यंत्राशी माझा प्रत्यक्ष संबंध तेवढाच. पण हातात फोन होता आणि फोनमध्ये सगळ्या जगाचे व्हिडिओ होते. कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलला, नवं पेट्रोल आणि ऑइल घातलं. चौथ्या दिवशी गाडी सुरू झाली! वडील ओट्यावरून उठून खळ्यात आले. फक्त डोक्याकडून सारखं टक-टक-टक वाजत होतं. व्हिडिओच्या भाषेत, टॅपेट सैल.

मग मी एका अमेरिकन माणसाचा व्हिडिओ पाहिला. त्याच्यासमोर भलंमोठं आठ सिलिंडरचं इंजिन होतं. तो म्हणाला, पुशरॉडमधली सगळी ढिलाई जाईपर्यंत आवळा आणि मग आणखी अर्धा फेरा द्या. मी तो भाग तीनदा पाहिला. बुलेटच्या उजव्या बाजूचं छोटं झाकण उघडलं, दोन्ही पुशरॉडची ढिलाई काढली आणि आणखी अर्धा फेरा दिला.

किक मारली तर ती सायकलच्या पॅडलसारखी खाली गेली. दम म्हणून नाही. कम्प्रेशन शून्य. पिस्टनच्या रिंगा गेल्या असणार असं मी ठरवून टाकलं आणि नव्या रिंगांची चौकशीही सुरू केली. वडील म्हणाले, "थांब, आधी नानांना बोलावतो."

नाना म्हणजे गावातले जुने मिस्तरी. वय सत्तरीच्या पुढे. त्यांचा हात बसला तो बुलेटवर नाही, गिरणाकाठच्या मळ्यांतल्या पाण्याच्या इंजिनांवर. विजेच्या मोटारी सगळीकडे पोचायच्या आधी विहिरीचं पाणी उपसायला डिझेल इंजिनं असायची. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ मध्ये सुरू झाली, आणि पुढे शेतकऱ्यांच्या तोंडी 'किर्लोस्कर' हे कंपनीचं नाव न राहता इंजिनाचंच नाव झालं. त्या इंजिनांत पुशरॉड, टॅपेट सगळं असायचं. फिलर गेजची पातळ पट्टी घालून फट मोजायची आणि स्क्रू फिरवायचा, हे काम नानांनी शेकडो वेळा केलेलं.

नानांनी मास्क हनुवटीवर ओढला, किक हाताने दाबून पाहिली, झाकण उघडलं आणि पुशरॉड दोन बोटांत धरला. तो हलेचना.

"हाई कोनी आवयं रे?"

"मी," म्हटलं.

पुढची दहा मिनिटं त्यांनी काही विचारलं नाही. पिस्टन अगदी वर आणला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत याची खात्री केली. मग पाने लावून पुशरॉडची लांबी थोडी थोडी कमी करत गेले. शेवटी रॉड बोटांनी गर्रकन फिरायला लागला, पण वर-खाली मात्र हलत नव्हता. तिथे चेकनट आवळला आणि पुन्हा फिरवून पाहिला, कारण चेकनट आवळताना माप सरकतं. मला म्हणाले, "बोटले समजस, डोयाले नही."

या वेळी किकवर उभं राहावं लागलं. डीकम्प्रेसर दाबून, अँपिअरचा काटा मध्यावर आणून मारलेल्या तिसऱ्या किकला इंजिन सुरू झालं. टक-टक गेली होती. रिंगा ठणठणीत होत्या.

मी त्यांना त्या व्हिडिओतल्या अर्ध्या फेऱ्याबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, "कशाले?" मला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर शोधता शोधता मी बराच मागे गेलो.

आधी मूळ प्रश्न बघू. इंजिनात खाली कॅम फिरतो. तो टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. कॅमचा उंचवटा सरला की स्प्रिंग व्हॉल्व्हला पुन्हा जागेवर बसवते. इंजिन तापलं की सिलिंडर, हेड, रॉड, व्हॉल्व्ह सगळेच वाढतात, पण सारखे नाही. या साखळीत जागा जास्त राहिली तर भाग एकमेकांवर आपटतात, तीच टक-टक. जागा मुळीच नसेल आणि साखळी ताणलेली असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. दम निसटतो, आणि अशीच गाडी चालवत राहिलं तर तप्त वायूने एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. म्हणजे सगळा खेळ केसाएवढ्या जागेचा. ही जागा सांभाळायची कुणी?

बहुतेक इंजिनांनी ती माणसावर सोपवली होती. १९३० मध्ये कॅडिलॅकने १६ सिलिंडरची मोटार आणली. श्रीमंतांच्या या गाडीत ३२ व्हॉल्व्हची खडखड चालणार नव्हती. म्हणून तेलाच्या दाबाने ती जागा आपोआप भरून काढणारी व्यवस्था त्यात बसवली. पुढे याच कल्पनेतून घडला तो हायड्रॉलिक टॅपेट.

त्याची रचना साधी आणि हुशार आहे. टॅपेटच्या पोटात एक छोटा दट्ट्या, त्याखाली नाजूक स्प्रिंग आणि एकाच दिशेने तेल सोडणारी गोळी. व्हॉल्व्ह मिटलेला असताना स्प्रिंग दट्ट्याला वर ढकलून जागा भरते आणि खाली तेल शिरतं. कॅम वर आला की गोळी वाट बंद करते. कोंडलेलं तेल दबत नाही, त्यामुळे टॅपेट लोखंडासारखा घट्ट होतो. थोडं तेल झिरपतं, ते पुढच्या फेरीत भरून निघतं. कुणी झाकण उघडायला नको.

पण दट्ट्याला काम करायचं तर दोन्हीकडे सरकायला वाव हवा. तो आपल्या वरच्या टोकाला टेकून बसला असेल तर जागा वाढल्यावर ती भरणार कशी? म्हणून बसवतानाच त्याला थोडा आत दाबून ठेवतात, साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर. याला म्हणतात प्रीलोड. अमेरिकन माणसाचा 'आणखी अर्धा फेरा' म्हणजे हा प्रीलोड होता. त्याच्या इंजिनात तो अर्धा फेरा तेलाने गिळला. माझ्या बुलेटच्या टॅपेटला पोटच नाही, तो भरीव लोखंडाचा. माझा अर्धा फेरा थेट व्हॉल्व्हवर गेला आणि तो उघडाच राहिला.

ताकद वाढवायला इंजिनात बदल करणाऱ्यांना हे गणित फार जपून करावं लागतं. समजा, दम वाढवायला हेडखालचं गॅस्केट अर्धा मिलिमीटर पातळ घेतलं. हेड तेवढंच खाली आलं, रॉकरही आला आणि पुशरॉडने दट्ट्याला अर्धा मिलिमीटर जास्त आत दाबलं. जिथे रॉकरवर आवळायचा स्क्रू नसतो तिथे उपाय एकच, तेवढ्याच कमी लांबीचा पुशरॉड. ती लांबी काढायला कमी-जास्त करता येणारा मापाचा रॉड घालतात, ढिलाई शून्यावर आणतात आणि वर प्रीलोड मोजतात. तो शून्य सापडतो बोटांनी! फक्त आतली स्प्रिंग नाजूक असल्याने रॉड फिरवून फसायला होतं, तो वर-खाली हलवून बघावा लागतो. आणि फार वेगात व्हॉल्व्ह कॅमच्या मागे पडू लागला, तर ती जागा ढिलाई समजून टॅपेट जास्तीचं तेल भरून घेतो आणि व्हॉल्व्ह मिटूच देत नाही. म्हणून शर्यतीच्या कित्येक इंजिनांत आजही भरीव टॅपेटच असतात.

मला वाटत होतं की बुलेट जुनी म्हणून तिच्यात ही सोय नाही. तसं नव्हतं. भारतात इतकी वर्षं बनलेलं ३५० सीसीचं बुलेट इंजिन मुळात १९४०च्या दशकाच्या शेवटचं. त्याच सुमारास, १९४८ मध्ये, हार्ले-डेव्हिडसनने आपल्या 'पॅनहेड' इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट घातले. सुरुवातीला ते पुशरॉडच्या वरच्या टोकाला होते, तिथवर तेल नीट पोचेना. १९५३ मध्ये ते खाली आणावे लागले. म्हणजे दोन्ही उत्तरं एकाच काळात हजर होती. हार्लेने ती जागा तेलावर सोपवली, एन्फिल्डने माणसावर.

आणि ते उत्तर आपल्याकडे किती टिकलं बघा. १९५०च्या दशकात भारतीय लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी ८०० बुलेट मागवल्या. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत 'एन्फिल्ड इंडिया' उभी राहिली. आधी इंग्लंडहून आलेले भाग इथे जोडले जायचे, १९६२पर्यंत सगळे भाग इथेच बनू लागले. इंग्लंडमधला रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला, मद्रासला मात्र तेच बिडाचं इंजिन पुढची चाळीस वर्षं बनत राहिलं. ते इंजिन घेणारा प्रत्येक जण नकळत एक मिस्तरीही सोबत घेत होता. आजोबांच्या गाडीच्या मागे नाना होते, तसे पाचोऱ्यात, चाळीसगावात, पारोळ्यात कुणी ना कुणी होते.

प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि २००८-०९ मध्ये नवं ॲल्युमिनियमचं इंजिन आलं. ३५० सीसीच्या इंजिनाची सिलिंडरची मापं तीच, ७० बाय ९० मिलिमीटर. पुशरॉडही राहिले, पण त्यांच्याखाली आता हायड्रॉलिक टॅपेट होते. टॅपेट सेट करायचं काम संपलं. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर सकाळी दोन-चार सेकंद टक-टक करते, तेल भरलं की गप्प होते. ही सोय खोटी नाही. नानाही म्हणाले, "बरं व्हयनं. लोकं ते थंड इंजिनवर कधी आनेतच ना."

मग २०२०च्या शेवटी कंपनीने आणखी नवं ३५०चं इंजिन आणलं. त्यात कॅम थेट हेडमध्ये गेला आणि पुशरॉड संपले. गंमत म्हणजे हायड्रॉलिकही गेलं. व्हॉल्व्हची फट पुन्हा ठरावीक किलोमीटरनंतर माणसाने तपासायची. नवं म्हणजे जास्त आपोआप, हा माझा हिशेब तिथे चुकला.

आमच्या धंद्यातही हेच चालतं. प्रोग्रामची वापरून झालेली मेमरी काही भाषांमध्ये स्वतः मोकळी करावी लागते, काहींमध्ये ती आपोआप मोकळी होते. एकीकडची सवय दुसरीकडे नेली की प्रोग्राम कोसळतो. हे मला नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत कळलं होतं. खळ्यात मात्र मी ते विसरलो. त्या व्हिडिओत एक शब्दही चुकीचा नव्हता. तो कुठल्या इंजिनाबद्दल बोलतोय, एवढंच मी विचारलं नव्हतं.

नानांना आता नीट दिसत नाही. गावी गेलो की टॅपेट मीच बघतो, सकाळी इंजिन थंड असताना, दोन बोटांनी. मागच्या दिवाळीत एक काम केलं. कोड लिहिताना पुढच्या माणसासाठी टीप ठेवायची आम्हाला सवय असते, तशी एक चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून बुलेटच्या टूलबॉक्समध्ये ठेवली: "टॅपेट भरीव आहेत. इंजिन थंड हवं. पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. रॉड बोटाने फिरला पाहिजे, वर-खाली हलता कामा नये. तिथेच थांबा. अर्धा फेरा देऊ नका."