आजीबाईंशी वाद

धाराशिवहून रेल्वेनं पुण्याला निघालं, की कुर्डुवाडी, दौंड मागे टाकून गाडी केडगाववरून जाते. केडगाव म्हटलं की मुक्तिमिशन आणि मुक्तिमिशन म्हटलं की पंडिता रमाबाई. कुणी त्यांना हात जोडतं, कुणी बोटं मोडतं. पण दोघांच्याही डोळ्यांपुढे असते ती उतारवयातली, पांढऱ्या लुगड्यातली, श्रद्धेबाबत तिळमात्र शंका नसलेली बाई. मला इथं दुसऱ्या रमाबाईंबद्दल लिहायचं आहे. वय सत्तावीस, मुक्काम इंग्लंड, बाप्तिस्मा होऊन दोन वर्षंही झालेली नाहीत, आणि ज्यांच्या आश्रयाला राहायचं त्यांनाच ही बाई लिहून कळवते की येशू हा प्रत्यक्ष देव आहे, हे मला मान्य नाही.

हे कळतं ते पत्रांतून. रमाबाईंची धर्ममाता सिस्टर जेराल्डीन हिनं ही पत्रं जपली, लावली आणि मध्येमध्ये स्वतःची टिपणं घातली. अ. भि. शहा यांनी संपादन करून ती १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळातर्फे इंग्रजीत छापली. वाचताना एक पथ्य पाळावं लागतं: पत्र कुठं संपतं आणि टिपण कुठं सुरू होतं, यावरची नजर हलू द्यायची नाही. वादातल्या एका पक्षानंच दप्तर राखलेलं आहे. ते राखलं नसतं, तर मात्र या वादाचा थांगपत्ता लागला नसता.

आधीची हकीकत थोडक्यात. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही मुलगी १८५८ साली जन्मली, पुराणं सांगत देशभर हिंडली, १८७८ साली कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ झाली. तिथंच ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांनी तिच्या हाती वेद ठेवला. बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी लग्न झालं, मनोरमा झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं नवरा गेला. मग पुणं, आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढची साक्ष, ‘स्त्रीधर्मनीति’. डॉक्टरी शिकावी म्हणून १८८३ साली त्या विलायतेला गेल्या. उतरल्या त्या वाँटेजच्या सेंट मेरी द व्हर्जिन या मठात. सिस्टर जेराल्डीन याच मठातली. या मठाच्या जोगिणी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काम करत.

पंचहौदशी आणखी एक नाव जोडलेलं आहे: फादर नेहेम्या गोरे, म्हणजे पूर्वाश्रमीचे नीलकंठशास्त्री. काशीत वाढलेला हा चित्पावन पंडित आधी ख्रिस्ती धर्माचं संस्कृतात खंडन करत होता. १८४८ साली स्वतःच ख्रिस्ती झाला आणि पुढे ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून त्यानं दर्शनांचीच उलटतपासणी घेतली. ब्राह्मो मंडळी ज्याला शुद्ध हिंदू एकेश्वरवाद म्हणतात तो शास्त्रांतून आलेला नसून ख्रिस्ती शिकवणुकीतून उचललेला आहे, हा त्याचा मुद्दा रमाबाईंच्या मनात शिरला. आपल्यावर परिणाम झाला तो इतर कुणाचा नव्हे, तर गोऱ्यांच्या नम्र वाणीचा, असं त्या पुढे लिहितात. मला हा धागा कळीचा वाटतो. त्यांना पटला तो शास्त्र्यानं शास्त्र्यापुढे मांडलेला युक्तिवाद; विलायती मिशनऱ्याचं प्रवचन नव्हे. म्हणजे आत शिरताना त्या प्रमाण मागतच शिरल्या.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. तो आनंदानं न्हालेला दिवस वगैरे समजू नये. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याआधी थोडेच दिवस तिथंच विष घेऊन जीव दिला होता. १८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. कान अधू होत चालल्यामुळे डॉक्टरी सुटली होती. तिथं त्या शिकत आणि संस्कृत शिकवत. मुख्याध्यापिका होत्या डोरोथिया बील. वादाचं बरंचसं कागदावर उतरलं त्याचं एक कारण मला या अधू कानांतही दिसतं. ऐकायला त्रास होणाऱ्या माणसाला लांबलचक तोंडी वादापेक्षा पत्र सोयीचं.

पहिली ठिणगी येशूच्या देवपणावरून पडलीच नाही. ती पडली क्रुसावरून. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन शब्द असावेत अशी मठाची रीत. रमाबाईंनी विचारलं, लॅटिनच का? ब्राह्मणांना जशी संस्कृत ही देवांची भाषा वाटते, तसं तुम्हालाही लॅटिनबद्दल वाटतं की काय? मला लॅटिन येत नाही, माझ्या देशातल्या बायकांनाही येत नाही. अक्षरं हवीतच तर संस्कृत घाला. ती पवित्र म्हणून नव्हे, माझ्या देशाची जुनी आणि सुंदर भाषा म्हणून. शेवटचं वाक्य नीट पाहिलं पाहिजे. संस्कृतचं सोवळं उतरवून ठेवलेली बाई लॅटिनचं सोवळं नेसायला तयार नाही. जेराल्डीनला यात अहंकार दिसला. मांसाहार न करण्यातही तिला जातीचा ताठाच दिसे.

मग बिशपांनी हात घातला. रमाबाईंनी पुरुषांनाही शिकवावं असा विचार निघाला, तेव्हा लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली: हिंदुस्थानात तिची पत जाईल. ज्या बाईनं कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांच्या भरसभेत व्याख्यानं दिली, तिला हे सांगणं म्हणजे कमालच. १२ मे १८८५ च्या पत्रात त्यांनी जेराल्डीनला बजावलं, की मी ख्रिस्ताच्या मंडळीत आहे, पण पाद्री-बिशपांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द झेलायला बांधलेली नाही. भटांचं जोखड आत्ता कुठं मानेवरून काढलं. लगेच तसलंच दुसरं घेणार नाही.

या पार्श्वभूमीवर त्रैक्याचा प्रश्न येतो. पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे तीन, आणि तरी देव एक, ही शिकवण या शब्दांत बायबलात कुठंच नाही. ती मंडळीनं शतकांच्या भांडणातून घडवली. पुत्र हा पित्यानं निर्माण केलेला आहे असं आरियस म्हणाला. ३२५ साली निकाया इथल्या परिषदेनं त्याला खोडून पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचं ठरवलं, आणि ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेनं ते पक्कं केलं. इंग्लंडच्या चर्चमध्ये याशिवाय आणखी एक मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली, चाले; आरियसचा विरोधक अथानासिअस याच्या नावाचा. अथानासिअसनं तो लिहिलेला नाही; मूळ लॅटिन रचना, त्याच्या बरीच नंतरची. प्रार्थनापुस्तकाच्या नियमाप्रमाणे नाताळ, ईस्टर, त्रैक्य रविवार अशा वर्षातल्या तेरा दिवशी तो म्हणायचा. तिघांपैकी प्रत्येक जण देव, तरी तीन देव नव्हेत, असं तो कलमाकलमानं सांगतो. आणि हे जो धरणार नाही त्याचा कायमचा नाश, अशी धमकीही देतो. या धमकीवरून खुद्द इंग्लंडात १८७० च्या सुमारास मोठा गदारोळ झाला होता. तेव्हा रमाबाईंनी काही आकाशातून आणलेली शंका काढली नव्हती.

पत्रांतून त्यांची भूमिका जुळवली तर ती अशी दिसते. ख्रिस्ताच्या आज्ञेप्रमाणे पिता, पुत्र, पवित्र आत्मा या नावानं मी बाप्तिस्मा घेतला, म्हणून मी ख्रिस्ती. येशू हा देवाचा पुत्र, अभिषिक्त, तारणारा. पण उपासना एकाच देवाची. अथानासिअसचा मतांगीकार मला मान्य नाही. कुमारी मरियेच्या पोटी चमत्कारानं झालेला जन्मही त्यांना पचत नव्हता. आणि ‘मंडळी असं मानते’ या उत्तरावर त्यांचा सवाल तयार होता: कोणती मंडळी? रोमची, इंग्लंडची, की बाकीच्या पंथांची? प्रत्येक जण तर आपलीच खरी म्हणतो.

ही मला एकेश्वरवाद्याच्या बंडापेक्षा शास्त्री घरातली सवय जास्त वाटते. ग्रंथ प्रमाण मानला. आता वाक्य दाखवा. भाष्यकाराचा शब्द मूळ ग्रंथाच्या वजनानं मला विकू नका. अर्थात ब्राह्मो वळणाचा धागाही होताच. राममोहन रॉय यांनी १८२० साली येशूची नीतिवचनं चमत्कारांपासून आणि तत्त्वचर्चेपासून सोडवून वेगळी छापली, तेव्हा बंगालमधल्या श्रीरामपूरचे बाप्टिस्ट मिशनरी मार्शमन त्यांच्यावर तुटून पडले होते. गंमत म्हणजे रॉय यांच्या संगतीत त्याच मिशनचा विल्यम ॲडम त्रैक्य सोडून बसला. कलकत्त्याच्या हवेत हा वाद रमाबाई तिथं पोचण्याआधीपासून साठ वर्षं मुरलेला होता.

जेराल्डीनचं उत्तर एकच, निरनिराळ्या शब्दांत: आधी नमावं, मग समजेल. बीलबाईंचा सूर वेगळा. त्या स्वतः शंकेच्या तापातून गेलेल्या होत्या. हिला ख्रिस्ती धर्म नुसता इतिहास म्हणून घशाखाली उतरणार नाही, तिच्या सदसद्विवेकाला पटला पाहिजे, आणि दडपाल तर ती जाईल, असं त्या वरिष्ठांना समजावत राहिल्या. रमाबाईंशी मात्र त्या बरोबरीनं वाद घालत. मनोरमेला काय शिकवावं, कुणी शिकवावं यावरूनही खटके उडाले. आणि एवढं सगळं चालू असताना पत्राचा मायना काय, तर ‘आजीबाई’. जेराल्डीनला रमाबाई याच मराठी हाकेनं लिहीत. आजीबाईंना नातीनं लिहावं तसं, पण आतला मजकूर आजीबाईंची रात्रीची झोप उडवणारा.

वाद मिटला नाही. रमाबाई निघून गेल्या. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरीच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियात पोचल्या. पुढच्याच वर्षी बॉस्टनला त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन उभं राहिलं. त्याचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक. उपाध्यक्षांत फिलिप्स ब्रुक्स, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचीच अमेरिकी शाखा. वाँटेजच्या मठात ही दोन नावं एका कागदावर आली नसती. असोसिएशनच्या पैशातून ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं.

१८९१ च्या आसपास त्यांच्या आत दुसरं परिवर्तन झालं. १९०७ च्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्या म्हणतात, की इंग्लंडात मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. या वाक्याच्या आधारानं १८८५ ची सगळी पत्रं ‘अपुऱ्या श्रद्धेची’ म्हणून बाजूला सारायचा मोह चरित्रकारांना होतो. माझ्या मते ते करू नये. १९०७ चा कागद १९०७ च्या रमाबाईंचा पुरावा आहे. चेल्टनहॅमच्या खोलीत बसून पानंच्या पानं लिहिणाऱ्या बाईला आपण अपुऱ्या आहोत असं वाटत नव्हतं. अपुरी वाटत होती ती समोरून येणारी उत्तरं.

पुढे केडगावला त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायला घेतलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तोवर भाषांतर पुरं झालं होतं. १९२४ मध्ये ते छापून निघालं. बायाबापड्यांना कळेल असं मराठी, आणि दर्शनशास्त्राचा वास असलेले संस्कृत शब्द शक्यतो टाळलेले. क्रुसावर संस्कृत अक्षरं मागणारी बाई उतारवयात संस्कृत शब्द गाळत बसली होती. कारण दोन्ही वेळी एकच दिलेलं: वाचणाऱ्या बाईला कळलं पाहिजे.

जेराल्डीननं ते क्रुसाचं पत्र फाडलं नाही. बारा मेचंही नाही.