झारेकरी ते भंगारवाला : कचऱ्यातल्या सोन्याची गोष्ट

परवा सकाळी सानपाड्यात आमच्या गल्लीत भंगारवाल्याची हातगाडी आली. शेजारच्या काकूंनी बंद पडलेले दोन मोबाईल, एक कीबोर्ड आणि वायरींचा गुंता दिला. त्याने वजन करून ऐंशी रुपये हातावर ठेवले. मी विचारलं, "दादा, कुठं जातं हे सगळं?" म्हणाला, "पुढं देतो, साहेब."

मित्रांनो, या 'पुढं'ला मोठा इतिहास आहे.

आपल्याकडे झारेकरी नावाचे कारागीर असायचे. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीची राख विकत घ्यायची, पाण्यात धुवायची आणि कणकण सोनं वेगळं काढायचं. मुंबईच्या झवेरी बाजारात रस्त्यावरची धूळ गोळा करून पोट भरणारी माणसं आजही आहेत. म्हणजे कचऱ्यातून सोनं काढायची विद्या आपल्याकडे जुनीच आहे.

मग कॉम्प्युटर आले, मोबाईल आले आणि कचरा बदलला. कुर्ला, साकीनाका इथल्या भंगार गल्ल्यांत सर्किट बोर्ड सुटे होऊ लागले. बोर्डात तांबं, चांदी, पॅलेडियम असतं आणि सोन्याचा पातळ मुलामाही. खाणीतल्या एक टन दगडात जेमतेम काही ग्रॅम सोनं मिळतं, एक टन जुन्या मोबाईलमध्ये दोन-तीनशे ग्रॅम. कोलारची खाण २००१ मध्ये बंद पडली. नवी खाण आपल्या कपाटाच्या खणात पडून आहे! जपानने तर टोकियो ऑलिम्पिकची सगळी पदकं लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतून बनवली. त्यातून ३२ किलो सोनं निघालं.

पण पत्र्याच्या शेडमध्ये हेच काम कसं होतं? वायर जाळून तांबं काढायचं, बोर्ड तेजाबात बुडवून सोनं. उरलेलं तेजाब नाल्यात, धूर कामगाराच्या छातीत. बाकीचे धातू वाया जातात ते वेगळंच. चांगल्या कारखान्यात धूर गाळला जातो आणि पॅलेडियमही हाती लागतं.

कायदे झाले. पहिले ई-कचरा नियम १ मे २०१२ पासून लागू झाले, मग २०१६ चे आले, आणि २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून. नव्या नियमांत नोंदणी चौघांचीच: निर्माता, उत्पादक, दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणारा आणि पुनर्वापर करणारा. २०१६ च्या नियमांत संकलन केंद्र आणि सुटे भाग करणारा यांना निदान जागा होती, तीही गेली. दारोदार फिरून माल गोळा करणारा तर कुठंच नाही.

आपल्या शेजारी तुर्भ्यापासून दिघ्यापर्यंत टीटीसी एमआयडीसी पसरली आहे. रसायनांच्या कारखान्यांच्या जोडीला आता तिथं आयटी पार्क आणि डेटा सेंटर आलेत. मोठ्या कंपन्यांनी आपला ई-कचरा नोंदणीकृत ठिकाणीच द्यायचा, असा नियम आहे. काकूंचा मोबाईल मात्र हातगाडीवरच जाणार.

यावर उपाय नाही असं नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, कचरावेचकांना ओळखपत्रं मिळाली, पुढं त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. नवी मुंबईतही हातगाडीवाल्याला ओळखपत्र द्या, नोंदणीकृत कारखान्यात माल देण्याची सोय करा आणि शेडपेक्षा दोन पैसे जास्त मिळू द्या. तो तेजाबवाल्याकडे कशाला जाईल?

महापालिकेच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला हा प्रश्न नक्की विचारा. सोनं आपल्या घरातून जातंय आणि विष आपल्याच खाडीत येतंय.