ब्रेड मशीन, घरगुती : माळव्याच्या गव्हासाठी

पीठ, पाणी, यीस्ट आणि मीठ एकाच भांड्यात घातले की तिंबणे, फुगवणे आणि भाजणे ही तिन्ही कामे ओळीने करणारे विजेचे घरगुती उपकरण. भारतात काही कंपन्या ते ‘आटा आणि ब्रेड मेकर’ अशा जोडनावाने विकतात. प्रस्तुत नोंदीत उज्जैनच्या देवास गेट भागातले, म्हणजे रेल्वे स्टेशन, बसस्थानक आणि माधव कॉलेज यांच्या आसपासचे घर डोळ्यांसमोर ठेवले आहे. इथे तयार ब्रेड हाकेच्या अंतरावर मिळतो. तेव्हा मशीन घ्यायचे ते आपल्या गव्हाचा, आपल्याला ठाऊक असलेल्या जिनसांचा ब्रेड खाण्यासाठी. अडचणही तिथेच येते, कारण ही मशीन ज्या पिठासाठी घडली ते माळव्याचे पीठ नव्हे.

रचना साधी आहे. तळाशी मोटर, तिच्या पट्ट्यावर फिरणारा दांडा, दांड्यावर बसणारे पाते, भोवती तापणारी कॉइल आणि उष्णता मोजून वेळ सांभाळणारे सर्किट. मशीन आधी थोडे मळून पीठ मुरू देते, मग पुन्हा तिंबते. त्यानंतर दोन-तीन वेळा फुगवणे, मधूनमधून पाते फिरवून हवा काढणे आणि शेवटी तासाभराची भाजणी. मैद्याच्या साध्या ब्रेडला तीन ते साडेतीन तास लागतात, गव्हाच्या पिठाच्या ब्रेडला चार ते पाच. मशीनची ताकद साधारण ५०० ते ७०० वॉट असते, पण कॉइल मुख्यतः भाजतानाच पूर्ण तापत असल्याने एका ब्रेडला अर्ध्या युनिटच्या आतबाहेरच वीज लागते.

या यंत्राचा उगम जपानमध्ये, ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीत (आजची पॅनासॉनिक). सुरुवातीच्या नमुन्यांत ब्रेड वरून करपे आणि आत कच्चा राही. यंत्राने तिंबलेल्या आणि कसबी माणसाने तिंबलेल्या पिठाच्या क्ष-किरण प्रतिमा ताडून पाहिल्या, तरी उत्तर सापडेना. तेव्हा कंपनीच्या सॉफ्टवेअर विभागातील इकुको तानाका ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला गेल्या. तो पीठ नुसते ओढत नाही, ओढता ओढता पिळतो, हे त्यांनी हेरले. त्यातून भांड्याच्या आतल्या बाजूला उभ्या कडा आल्या. पाते पीठ ढकलते तेव्हा या कडा ते अडवतात आणि पिठाला पीळ बसतो. आजही मशीन निवडताना भांड्यात हात घालून या कडा चाचपाव्यात. १९८७ मध्ये ‘होम बेकरी’ बाजारात आली. त्याआधी खर्च कमी करताना आणखी एक प्रश्न उभा राहिला होता : मळताना घर्षणाने पीठ तापते आणि यीस्ट वेळेआधीच कामाला लागते. थंड करणारे यंत्र महाग पडत होते, म्हणून यीस्ट मळणीच्या मध्यावर घालण्याची जुनी पद्धत उचलली गेली. झाकणात यीस्टसाठी वेगळा कप्पा असलेल्या मशीनमागे हाच विचार आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या उज्जैनमध्ये हा कप्पा चैन नाही, गरज आहे.

आता गहू. जपानी बेकरी-मैदा मोठ्या प्रमाणात कॅनडा-अमेरिकेच्या कडक, भरपूर ग्लूटेनच्या गव्हाचा असतो. माळव्यात दोन तऱ्हांचे गहू पिकतात. एक पोळीचा : शरबती, लोक-१, सुजाता. दुसरा कठिया, म्हणजे ड्युरम. इंदूरच्या गहू संशोधन केंद्राने दिलेले मालवशक्ती आणि पूसा तेजस हे त्यातले. कठियात प्रथिने भरपूर असतात, पण त्याचे ग्लूटेन ताणले की तुटते. म्हणून त्याचा रवा, दलिया, शेवया आणि जाडसर दळलेल्या पिठाचे बाफले उत्तम होतात. त्याचा ब्रेड मात्र बसका, चिरा पडलेला निघतो. चिमणगंज मंडीतून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाचा गहू भरणाऱ्या घरात हे दोन्ही गहू असतात. मशीनसाठी डबा शरबतीचा किंवा लोक-१चा उघडावा. शरबतीलाही मर्यादा आहे. तिची ख्याती मऊ, गोडसर पोळीची. उंच फुगण्याइतकी ताकद तिच्या पिठात नसते. शिवाय दगडी चक्कीत पिठातला स्टार्च मोठ्या प्रमाणात दुखावतो, त्यामुळे पीठ पाणी जास्त पिते, आणि कोंड्याचे कण ग्लूटेनची तार कापतात. नुसत्या कणकेचा ब्रेड घट्ट झाला म्हणून पुष्कळ घरांत मशीनला दोष देतात. तो अन्याय आहे.

उपाय निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा. २५० ग्रॅम शरबतीची कणीक, २५० ग्रॅम मैदा, ३३० मिलिलिटरच्या आसपास पाणी, ५ ग्रॅम कोरडे यीस्ट, ८ ग्रॅम मीठ, दोन चमचे तेल आणि थोडा गूळ. संपूर्ण कणकेचाच ब्रेड हवा असेल तर पाणी ३६० ते ३७५ मिलिलिटरपर्यंत न्यावे आणि दोन चमचे सुटे ग्लूटेन मिसळावे. वाटीच्या मापावर विसंबू नये, वजनकाटा हवाच. तरीही शेवटचा निर्णय डोळ्यांनी करायचा. मळणी सुरू झाल्यावर दहाव्या मिनिटाला झाकण उघडावे. पिठाचा गोळा एकसंध असावा, भांड्याच्या भिंती स्वच्छ सुटलेल्या असाव्यात आणि बोट लावले तर किंचित चिकटून लगेच सुटावे. तळाशी पीठ पसरलेले दिसले तर चमचाभर कोरडे पीठ घालावे, गोळा आपटत आवाज करत असेल तर चमचाभर पाणी. मळताना झाकण उघडल्याने काही बिघडत नाही. फुगताना आणि भाजताना मात्र उघडू नये.

ऋतूप्रमाणे पाणी बदलते. उन्हाळ्यात फ्रीजमधले गार पाणी, यीस्ट पाव चमचा कमी. जानेवारीत कोमट पाणी. रात्री भरून सकाळी ब्रेड काढण्याच्या टायमरचा मोह उन्हाळ्यात दूध किंवा अंडी घातलेल्या पिठासाठी टाळावा, ते आंबूस होते. टायमर लावताना तळाशी पाणी, वर पीठ, पिठात खड्डा करून त्यात यीस्ट आणि मीठ मात्र कडेला, असा क्रम ठेवावा. ज्या मशीनच्या पुस्तिकेत उलटा क्रम दिला असेल तिथे पुस्तिकाच ऐकावी.

खरेदी करताना गव्हाच्या पिठाचा वेगळा कार्यक्रम आहे का, नुसते पीठ मळून थांबण्याची सोय आहे का आणि वीज गेल्यावर मशीन किती मिनिटे आपली जागा लक्षात ठेवते, हे विचारावे. काहींत ही मुदत दहा मिनिटांपर्यंत असते. त्यापलीकडे वीज गेली तर काम पहिल्यापासून. चौघांच्या घराला ७५० ग्रॅमपर्यंतचा ब्रेड पुरतो. परदेशातून नातेवाईक आणतात त्या मशीनबाबत सावध राहावे : अमेरिकेतले १२० व्होल्टचे असते. ट्रान्सफॉर्मर लावला तरी आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झवर साधी मोटर सुमारे एक षष्ठांश हळू फिरते आणि तिंबणे अपुरे राहते.

मराठी घरात या यंत्राचा एक उपयोग ब्रेडपेक्षाही मोलाचा ठरतो. पुरणपोळीची सैल कणीक तेल सोडत बराच वेळ तिंबावी लागते. मळणीचा कार्यक्रम दोनदा चालवला की ती तार धरून लवचिक होते आणि मनगट वाचते. बाफल्याचे घट्ट पीठ मात्र त्यात घालू नये, पट्टा घसरतो आणि मोटर तापते. लादी पावही मशीनमध्ये भाजता येत नाही. पीठ त्यात तयार करून, गोळे थाळीत एकमेकांना चिकटून लावून, १९० ते २०० अंशांवर ओव्हनमध्ये भाजावेत.

घरच्या ब्रेडकडे लोक वळण्यामागे एक कारण २०१६ सालचे आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने ब्रेड-पावाचे ३८ नमुने तपासले. त्यांपैकी ८४ टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट आढळले, आणि त्याच वर्षी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ब्रोमेट परवानगीच्या यादीतून काढले. घरच्या ब्रेडमध्ये बुरशीरोधकही नसतात, म्हणून तो दोन-तीन दिवसांचाच, पावसाळ्यात त्याहून कमी. भाजून होताच भांड्यातून काढून जाळीवर तासभर निववावा. गरम कापला तर आत गिचगोळा होतो. फ्रीजच्या गारव्यात ब्रेड लवकर शिळा होतो. उरलेल्याचे काप करून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि थेट तव्यावर भाजावेत.

पाते ब्रेडमध्ये अडकले तर लाकडी काडीने काढावे, दांड्याला चिकटले तर भांड्यात कोमट पाणी ओतून ठेवावे. स्टीलच्या चमच्याने आतला लेप निघतो. सर्वांत आधी झिजते ती भांड्याच्या तळाची रबरी सील. तिथून पाणी झिरपू लागले की ते मोटरकडे उतरते. म्हणून सुटे भांडे आणि पाते मिळण्याची खात्री असलेलेच मॉडेल घ्यावे.