पट, फासे आणि समोरचा गडी

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या मुरुमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या असत. सकाळी ओवाळणी, आणि दुपारची पंगत उठली की माजघरात सारीपाट. आत्या पेटीच्या तळातून तो जुना कापडी पट काढायची, चारी टोके हाताने सारखी करायची आणि माझ्या वडिलांकडे पाहून म्हणायची, "बस रे नाना, वर्षाचा हिशेब करू." वडील मांडी घालून बसत, आणि मग दिवेलागणीपर्यंत त्या दोघा भावंडांना जगाची शुद्ध नसे.

आता वडील नाहीत. आत्या आहे, पट आहे, सोंगट्याही बहुतेक आहेत. एक हरवली म्हणून तिच्या जागी सुपारी ठेवतात. गेल्या पाडव्याला समोर बसायला मात्र घरात कोणी नव्हते. तिचा नातू जर्मनीत नोकरीला. त्याने दूरध्वनीवर सांगितले, "आजी, पटाचा नीट वरून फोटो काढून पाठवायला सांग. संध्याकाळी खेळू." आणि खरोखरच त्या संध्याकाळी, इकडे पणत्या लागल्या आणि तिकडे दुपार कलली असताना, आमच्या घरचा पट संगणकाच्या काचेवर मांडला गेला. त्या खेळाने मला जे विचारात पाडले, ते या लेखाचे निमित्त.

पाडव्याला पट मांडणे ही काही आमच्याच घरची हौस नव्हे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बलिप्रतिपदा म्हणतात हे सर्वांना ठाऊक असते; पण तिचे आणखी एक नाव आहे, द्यूतप्रतिपदा. या दिवशी पार्वतीने शंकराला द्यूतात हरवले अशी कथा आहे. आमच्या भागात तर देवांनाही या खेळाचे भारी वेड! मुरुमहून पश्चिमेला नळदुर्ग आणि त्यापुढे तुळजापूर. तुळजापुरात भारतीबुवांचा मठ आहे. तेथे आई भवानी स्वतः बुवांशी सारीपाट खेळायला येत असे, असे सांगतात. नळदुर्ग-अणदूरच्या खंडोबाची गोष्टही तशीच. तो म्हाळसेशी सारीपाट खेळला, पैज हरला, आणि बारा वर्षांसाठी घर सोडून बाणाईच्या घरी चाकरीला गेला, असे वाघ्या-मुरळी आजही गातात. या कथांत एक गंमत आहे. कोण जिंकले, कोण हरले, हे त्या सांगतात. खेळ कोणत्या नियमांनी झाला हे एकही सांगत नाही. ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊकच असणार, हे सांगणाऱ्याने गृहीत धरलेले असते.

तसे पाहिले तर सारीपाटाची मांडणी सोपी आहे. अधिकाच्या चिन्हासारखा चार पाखांचा पट, प्रत्येक पाखीत आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे चोवीस घरे, एकूण शहाण्णव. मध्ये सर्वांनी पोचायचे मोठे घर. चार रंगांच्या सोळा सोंगट्या. लांबट फासे तीन, त्यांच्या बाजूंवर एक, दोन, पाच आणि सहा. दोन सहा आणि एक पौ पडले की पौबारा. या खेळातला तो शब्द, खेळ न येणाऱ्यांच्याही तोंडी आज आहे. फाशांऐवजी कवड्या घेतल्या की तीच पचिशी. अबुल फज्लने 'आईन-इ-अकबरी'त हा खेळ नोंदवला आहे, आणि फत्तेपूर सिक्रीला तर अंगणाच्या फरशीतच पचिशीचा पट आखलेला आहे. आपल्या मराठवाड्यातही एका विद्वानाने हे काम केले. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पंडित हरिकृष्ण शर्मांनी १८७१ साली 'बृहज्ज्योतिषार्णव' हा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील 'क्रीडाकौशल्य' हा भाग खेळांनाच वाहिलेला आहे. ज्योतिषाच्या ग्रंथात सोंगट्यांना जागा देणाऱ्या या शास्त्रीबुवांचे मला नेहमी कौतुक वाटते. खेळ लिहून ठेवला नाही तर काय होते, हे त्यांना उमगले असावे.

काय होते ते पाहायला इराकात जावे लागेल. तेथील ऊर या प्राचीन नगरात १९२० च्या दशकात लिओनार्ड वूली यांना राजघराण्याच्या थडग्यांतून शिंपल्यांनी मढवलेले पट मिळाले, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. पट होते, सोंगट्या होत्या, फासे होते. खेळ नव्हता! कारण तो कसा खेळायचा हे सांगणारा माणूस नव्हता. पुढे ब्रिटिश म्युझियममधील आयर्विंग फिंकेल यांनी इ. स. पूर्व १७७ च्या सुमाराची एक बाबिलोनी मातीची पाटी वाचली, आणि त्याच जातीच्या खेळाचे नियम तिच्यात निघाले, तेव्हा कुठे त्या पटात पुन्हा जीव आला. दगड, माती, शिंपला हे पट सांभाळतात. खेळ सांभाळणे त्यांच्या हातचे नाही.

आता कोणी म्हणेल, समोरासमोर न बसता खेळण्याची ही संगणकी तऱ्हा तरी अगदी नवी आहे. तीही नाही. एडिंबरो आणि लंडन या शहरांच्या मंडळांत १८२४ ते १८२८ या काळात पत्रांतून बुद्धिबळाचा सामना झाला. एडिंबरोने तो जिंकला, आणि त्याची आठवण म्हणून बुद्धिबळातल्या एका प्रारंभाला आजही 'स्कॉच' म्हणतात. पण आपल्याला अधिक जवळचे उदाहरण त्याच सुमाराचे आहे. १८२८-२९ साली मद्रास आणि हैदराबाद यांच्यात पत्राने बुद्धिबळ खेळले गेले. मद्रासच्या बाजूने गुलाम कासिम नावाचा नामांकित खेळाडू होता. त्याने जेम्स कॉक्रेन यांच्यासह पुढे एका खेळपद्धतीवर पुस्तकही लिहिले. हैदराबाद म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचे मुरुम ज्या निजामी राज्यात होते, त्याची राजधानी. त्या काळी रेल्वे नव्हती की तारायंत्र नव्हते. डाक हरकाऱ्यांच्या पायांनी चाले. एक प्यादे पुढे सरकवायचे, तर त्यासाठी माणसांनी नद्या ओलांडायच्या! आणि उत्तर येईपर्यंत दोन्ही शहरांत पट तसाच मांडलेला राहायचा. समोरचा गडी दिसत नव्हता. तो आहे आणि प्रामाणिकपणे विचार करतो आहे, या विश्वासावर खेळ उभा होता.

पुढे १८४४ साली अमेरिकेत मोर्सची तार सुरू झाली, आणि त्याच वर्षी वॉशिंग्टन व बाल्टिमोर यांच्यात तारेवरून बुद्धिबळ झाले. नवे यंत्र आले की माणूस आधी त्यावरून कामाचे बोलतो आणि लगेच खेळू लागतो, असेच इतिहास सांगतो.

सोंगट्यांचा प्रवास याहून रंजक आहे. आपली पचिशी साहेबाच्या बोटीतून विलायतेला गेली. तेथे कवड्या गेल्या, पाख्या आखूड झाल्या, चौकोनी फासा आला, आणि १८९६ साली इंग्लंडात 'लुडो' या नावाने तिचे पेटंट घेतले गेले. मग ती पुठ्ठ्यावर छापून पुन्हा आपल्याकडे आली, आणि आपली पोरे तिला परदेशी खेळ समजून खेळू लागली. माहेरवाशिणीने नाव बदलून परत यावे आणि घरच्यांनीच तिला ओळखू नये, तशातली ही गत. २०१६ साली नवी मुंबईतील विकास जयस्वाल यांच्या गेमेशन कंपनीने 'लुडो किंग' काढला. दहा कोटींहून अधिक वेळा उतरवून घेतला गेलेला हा पहिला भारतीय खेळ. २०२० च्या टाळेबंदीत तो घराघरांत शिरला. मुले पुण्यात अडकलेली, आईबाप गावी; पण रात्री जेवणे झाली की चारी रंगांच्या सोंगट्या एका पटावर धावत.

त्याच वर्षीची एक घटना मात्र प्रत्येक मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे. महामारीमुळे बुद्धिबळाचे ऑलिंपियाड प्रथमच ऑनलाईन भरले. भारतीय संघाचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी, आणि संघात नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख होती. हीच दिव्या पुढे २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकून आली. ३० ऑगस्ट २०२० रोजी रशियाशी अंतिम सामना सुरू असताना जगभरच इंटरनेटची जोडणी विस्कळीत झाली. दिव्या आणि निहाल सरीन यांचे पट ऐन खेळात त्यांच्यापासून तुटले. घड्याळे चालत राहिली, वेळ संपली, आणि यंत्राने निकाल दिला: हार. भारताने दाद मागितली. जागतिक संघटनेने विचार केला आणि सुवर्णपदक दोन्ही देशांना दिले. यंत्राच्या हिशेबात चूक नव्हती. घड्याळ शून्यावर आले होते हे खरेच. पण खेळ झाला की नाही हे घड्याळाला कळत नाही. ते माणसांनीच ठरवायचे असते.

हा धागा मला आमच्या माजघरापर्यंत घेऊन येतो. संगणकावरच्या या पटांच्या दोन जाती आहेत. एक लुडो किंग किंवा २०१० साली फ्रान्समध्ये सुरू झालेले 'बोर्ड गेम अरेना' यांची. तेथे नियम यंत्राच्या पोटात असतात. फासा तेच टाकते, चुकीची चाल ते होऊच देत नाही. भांडण नाही, शंका नाही, कोणाला काही विचारावेच लागत नाही. दुसरी जात २०१५ साली आलेल्या 'टेबलटॉप सिम्युलेटर'सारख्यांची. ते फक्त टेबल देते. तुम्ही आपला पट आणा, आपल्या सोंगट्या मांडा. नियम त्याला ठाऊक नाहीत. सोंगटी कुठेही ठेवा, ते अडवणार नाही. फार काय, रागाने अख्खे टेबल उलथून टाकण्याचीही त्यात सोय आहे! आमच्या नातवाने आत्याचा पट मांडला तो या दुसऱ्या जातीच्या टेबलावर.

फासे मात्र खरेच होते, आत्याच्या हातातले. ती चटईवर टाकायची, पडलेले दान मोठ्याने सांगायची, आणि मी तिच्या वतीने काचेवरची सोंगटी सरकवायचो. नातवाची पाळी आली तेव्हा मी विचारले, "तुझे फासे?" तो हसून म्हणाला, "माझे पण आजीच टाकेल की." प्रतिस्पर्ध्याने आपले दान टाकावे आणि सांगितलेला आकडा आपण निमूट मानावा! द्यूताचे नाव काढताच शकुनी आठवणाऱ्या या देशात, एवढा विश्वास मी प्रथमच पाहिला. याच देशाच्या संसदेला ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांना बंदी करणारा कायदा करावा लागला, हेही त्या वेळी मनात येऊन गेले. फासे तेच असतात. कशाची पैज लावली, यावर सारे अवलंबून.

थोड्या वेळाने नातवाच्या दोन सोंगट्या एका घरात आल्या आणि आत्याने आपल्या एका सोंगटीने त्या मारल्या. मग स्वतःच थांबली. "नाही बाबा, चुकलं. ते जुग आहे. जुगाला जुगच मारतंय." नातू म्हणाला, "आजी, यंत्राने तर अडवलं नाही!" आत्या म्हणाली, "त्याला काय कळतंय? मला विचार की."

आणि तो विचारू लागला. तोड झाल्याशिवाय सोंगटी मधल्या घरात नेता येते का? पिकलेली सोंगटी पुन्हा खेळात आणता येते का? आत्या सांगत गेली, मी वहीत उतरवत गेलो. एका प्रश्नाशी ती अडली. लागोपाठ तीनदा पौबारा पडला तर आमच्या घरी काहीतरी वेगळे करत, एवढे तिला आठवत होते. काय करत, ते आठवेना. बराच वेळ ती पटाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "ते नानाला ठाऊक होतं."

मी पन्नास-साठ पाडवे त्या पटाशेजारी बसून काढले. लाडू खाल्ले, हरणाऱ्याची थट्टा केली, जिंकणाऱ्याकडून पैसे उकळले. पण हा एक नियम वडिलांना कधी विचारला नाही. विचारायचे काय त्यात, ते तर समोरच बसले होते. वहीत त्या ओळीपुढची जागा मी कोरी ठेवली आहे. ऊरच्या पाटीसारखी एखादी पाटी त्यासाठी कुठे निघायची नाही.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा पाडवा दोन दिवसांवर असेल. पट कापडाचा असो, पुठ्ठ्याचा असो की काचेचा, त्याची काळजी करू नका, तो टिकतो. मुले दूर असतील तर काचेवरच मांडा, त्यात कमीपणा नाही. हैदराबादने दोनशे वर्षांपूर्वी टपालातून मांडला होता. फक्त खेळ संपल्यावर पट गुंडाळण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारा: आपल्या घरी हा खेळ कसा खेळत होते? आणि ते सांगतील ते लिहून ठेवा.

आमच्याकडे यंदाही पट निघेल. दिवेलागणीला जर्मनीहून हाक येईल, आत्या फासे हातात घोळवील. तीन पौबारा लागोपाठ पडू नयेत, एवढीच माझी देवीपाशी प्रार्थना.