शिपहॅमच्या परसबागा: जस्ताच्या खाणी आणि मातीच्या तपासणीचा इतिहास

घराभोवतीच्या जमिनीत भाजी लावण्यापूर्वी त्या जागेवर पूर्वी काय चालत असे, हे विचारण्याची रीत फार जुनी नाही. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जमिनीचा कस, तिची ओल आणि निचरा पाहत आला. पण पीक जोमदार असूनही ते खाणाऱ्याला अपाय करू शकते, ही शंका त्याच्या अनुभवात बसणारी नव्हती, कारण विषारी जमीन नापीकच असणार असे गृहीत धरले जाई. हे गृहीतक कसे मोडले आणि त्याच्या जागी कोणती समज आली, याचा इतिहास इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील शिपहॅम या लहान गावात जितका स्पष्ट वाचता येतो तितका क्वचितच दुसरीकडे वाचता येईल. या गावाने शेकडो वर्षे जमिनीखालून जस्ताचे खनिज काढले, नंतर ते विसरून त्याच जमिनीवर बागा फुलवल्या, आणि १९७९ साली त्या बागांच्या मातीतून आपला भूतकाळ पुन्हा समोर आलेला पाहिला.

शिपहॅम ब्रिस्टल बंदराच्या नैर्ऋत्येला मेंडिप टेकड्यांवर वसलेले आहे. या टेकड्या चुनखडीच्या असून त्यांच्या भेगांत शिसे आणि जस्त यांची खनिजे आहेत. त्यांतील शिसे रोमन लोकांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकातच काढायला सुरुवात केली होती; जस्ताच्या खनिजाला मात्र सोळाव्या शतकापर्यंत वाट पाहावी लागली. कॅलमाइन या नावाने ओळखले जाणारे हे खनिज, म्हणजे मुख्यतः जस्ताचे कार्बोनेट, पितळ बनवण्यासाठी अत्यावश्यक होते. एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत पितळेसाठी परदेशांवर विसंबून राहणे इंग्लंडला धोक्याचे वाटू लागले आणि १५६०च्या दशकात मेंडिपच्या परिसरात कॅलमाइन सापडल्यावर त्याच्या उत्खननाचे हक्क एका सनदी कंपनीकडे गेले. ही कंपनी १५६८ साली रीतसर स्थापन झाली. या धंद्याला खरा बहर मात्र अठराव्या शतकात आला, कारण १७०२च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये पितळेचे मोठे कारखाने उभे राहिले आणि त्यांना जवळच्या कॅलमाइनची भूक लागली. ब्रिस्टलच्या पितळी भांड्यांचा आणि कड्यांचा मोठा भाग पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाई व तेथे गुलामांच्या खरेदीत मोबदला म्हणून दिला जाई. शिपहॅमच्या मातीत आज जे उरले आहे त्यामागे हा व्यापारही उभा आहे आणि तो नजरेआड करून या गावाचा इतिहास सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

जस्त थेट न वापरता त्याचे खनिज का वापरले जाई, याचे उत्तर त्या धातूच्या स्वभावात आहे. जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळते, तर कोळशाच्या साहाय्याने खनिजातून ते मोकळे होण्यासाठी याहूनही अधिक उष्णता लागते. त्यामुळे ते भट्टीत वितळून खाली साचण्याऐवजी वाफ होऊन निसटते आणि हवेत जळून जाते. युरोपातील पितळकारांनी यावर काढलेला उपाय असा होता की भाजलेले कॅलमाइन, कोळशाची भुकटी आणि तांब्याचे तुकडे एकाच बंद मुशीत तापवायचे, म्हणजे जस्ताची वाफ तांब्यातच शोषली जाऊन पितळ तयार होते. वाफ थंड करून शुद्ध जस्त मिळवण्याची कला युरोपात येण्याच्या कित्येक शतके आधी राजस्थानात उदयपूरच्या दक्षिणेकडील झावर येथे मोठ्या प्रमाणावर चालत होती आणि वापरून टाकलेल्या मातीच्या मुशींचे ढीग तेथे आजही दिसतात. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ साली ज्या पद्धतीचे एकस्व घेतले, तीही झावरप्रमाणे वाफ खालच्या दिशेने उतरवून थंड करण्याची होती. हे ज्ञान भारतातूनच गेले की काय यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. साम्य मात्र लक्षणीय आहे.

शिपहॅममधील खाणकाम खोल बोगद्यांचे नव्हते, तर उथळ विहिरींसारख्या खड्ड्यांचे होते, आणि म्हणूनच ते थेट वस्तीत घुसले. १७९१ साली सॉमरसेटचा इतिहास प्रसिद्ध करणाऱ्या जॉन कॉलिन्सनने या गावात शंभराहून अधिक खाणी चालू असल्याचे आणि त्यांतील अनेक रस्त्यांत, आवारांत, काही तर प्रत्यक्ष घरांत असल्याचे नोंदवले आहे. खणलेले खनिज फोडायचे, पाण्याच्या हौदांत धुऊन त्यातील माती वेगळी करायची आणि मग ते भाजून ब्रिस्टलला पाठवायचे, असा कामाचा क्रम होता. धुण्यात वाहून गेलेला बारीक गाळ आणि निवडून टाकलेले हलक्या प्रतीचे खनिज गावातच राहिले. विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने त्याला मोल नव्हते, पण त्यातील धातू जमिनीत मुरत राहिले. त्याच सुमारास मेंडिपच्या खेड्यांत गरिबांसाठी शाळा काढणाऱ्या लेखिका हॅना मोर यांना येथील खाणकामगार कमालीच्या दारिद्र्यात आणि दंडाधिकाऱ्यांनाही न जुमानणारे असे आढळले. ज्यांच्या श्रमावर ब्रिस्टलची श्रीमंती उभी होती त्यांच्याविषयी लिहिताना मोर यांनी दारिद्र्याच्या कारणांपेक्षा त्यांच्या वागणुकीवर अधिक भर दिला, ही त्या काळच्या परोपकाराची मर्यादा होय.

एकोणिसाव्या शतकात हा धंदा मावळला. धातुरूप जस्त तांब्यात थेट मिसळून पितळ करण्याची पद्धत रुळली, जस्तासाठी गंधकयुक्त खनिज वापरता येऊ लागले आणि कॅलमाइनचे महत्त्व संपले. शतकाच्या मध्यापर्यंत शिपहॅमच्या खाणी बंद पडल्या. मागे उरली ती खड्ड्यांची आणि टेकाडांची उंचसखल जमीन, जिला स्थानिक लोक ‘ग्रफी ग्राउंड’ म्हणतात. तिच्यावर गवत वाढले, आणि त्या गवतात जस्त सहन करणाऱ्या, इतकेच नव्हे तर ते आपल्या पानांत साठवणाऱ्या मोहरीच्या कुळातील वनस्पतीही वाढल्या. वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्याला ती खूण पुरेशी होती, परंतु विसाव्या शतकात ब्रिस्टलला नोकरीसाठी जाणारी कुटुंबे टेकडीवरच्या मोकळ्या हवेसाठी येथे राहायला आली, तेव्हा जुन्या खाणींच्या जमिनीवर घरे बांधली गेली आणि घरांभोवती भाजीचे वाफे आले. भाजी चांगली येत होती. शंका घेण्याचे कारणच नव्हते.

ज्या धातूमुळे पुढे शंका आली त्याचा शोधही कॅलमाइनशीच जोडलेला आहे. जर्मनीतील गोटिंगेनचे रसायनशास्त्रज्ञ फ्रिडरिश स्ट्रोमायर यांच्याकडे औषधांच्या दुकानांची तपासणी करण्याचे काम होते. १८१७ साली त्यांना जस्त कार्बोनेटचा एक नमुना असा आढळला की जो तापवल्यावर पिवळा पडे, पण त्यात लोह नव्हते. त्या अशुद्धीतून त्यांनी कॅडमियम हा नवा धातू वेगळा केला. जस्ताच्या खनिजात कॅडमियम जवळजवळ नेहमीच थोडे असते, मात्र जस्त शरीराला हवे असते तर कॅडमियमचा शरीराला काहीही उपयोग नाही. ते मूत्रपिंडात साठते आणि तेथून निघून जायला दशके लागतात. याचे भयंकर रूप जपानच्या तोयामा प्रांतात दिसले. जिंझू नदीच्या वरच्या भागातील कामिओका खाणीचा गाळ नदीतून भातखाचरांत उतरला, तेथील तांदळात कॅडमियम आले आणि वर्षानुवर्षे तो तांदूळ खाणाऱ्या, विशेषतः अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांची हाडे इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीनेही ती मोडत. ‘दुखतंय, दुखतंय’ या अर्थाच्या ‘इताई-इताई’ या शब्दांनीच तो आजार ओळखला गेला. नोबोरू हागिनो या स्थानिक डॉक्टरांनी कारणाचा सातत्याने पाठपुरावा केला आणि १९६८ साली जपान सरकारने तो प्रदूषणजन्य आजार असल्याचे मान्य केले.

त्यामुळे शिपहॅमची बातमी आली तेव्हा ती कोणत्या भीतीच्या छायेत आली हे समजते. १९५५ साली ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श यांनी अणुशोषण वर्णपटमापनाची पद्धत मांडली होती, म्हणजे नमुना ज्योतीत फवारून त्यातील प्रत्येक धातू कोणत्या लहरलांबीचा प्रकाश किती शोषतो हे मोजण्याची पद्धत, आणि तिच्यामुळे मातीतील अत्यल्प धातू झटपट व स्वस्तात मोजणे शक्य झाले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील भूरसायनशास्त्रज्ञांनी इंग्लंड व वेल्समधील ओढ्यांचा गाळ हजारो ठिकाणांहून गोळा करून १९७८ साली धातूंचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. हेतू मुख्यतः खनिजांचा आणि जनावरांच्या पोषणाचा होता, पण मेंडिपवर कॅडमियमचा ठळक डाग उमटला. शिपहॅमच्या बागांची माती तपासली तेव्हा सामान्य मातीत जेथे किलोमागे १ मिलिग्रॅमहून कमी कॅडमियम असते, तेथे अनेक बागांत ते दहापट, शंभरपट आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक निघाले. १९७९च्या आरंभी रहिवाशांना हे कळवण्यात आले आणि घरची भाजी न खाण्याचा सल्ला मिळाला.

पुढे जे झाले ते या इतिहासाचे सर्वांत शिकण्यासारखे प्रकरण आहे. गावातील निम्म्याच्या आसपास रहिवासी स्वेच्छेने तपासणीसाठी पुढे आले, दुसऱ्या एका गावाशी तुलना झाली, लोकांच्या ताटातील अन्न मोजले गेले. रक्त-लघवीच्या तपासण्यांत काही सूक्ष्म फरक दिसले, परंतु जपानसारखा आजार कोठेही नव्हता. १९३९ सालच्या रहिवाशांचा दीर्घकाळ मागोवा घेतला असता एकूण मृत्युदर वाढलेला आढळला नाही. रक्तदाब, पक्षाघात आणि मूत्रपिंडाचे विकार यांत किंचित वाढ सूचित झाली, त्यामुळे गाव पूर्णतः निर्धोक होते असा निष्कर्ष काढणेही योग्य नाही.

मातीत इतके कॅडमियम असताना माणसांच्या शरीरात ते फारसे का उतरले नाही? शिपहॅमची माती चुनखडीची आहे आणि तिचा सामू, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप, उदासीनतेच्या वर आहे. अशा मातीत कॅडमियम कणांना घट्ट बांधलेले राहते आणि मुळांना थोडेच मिळते. शिवाय तेथे कॅडमियमच्या जोडीला जस्त विपुल आहे आणि मुळांत शिरण्याच्या शर्यतीत जस्त त्याला मागे टाकते. जिंझूच्या खाचरांत याच्या उलट घडले: पाणी भरलेले असताना कॅडमियम गंधकाशी बांधलेले असे, पण कापणीपूर्वी पाणी सोडून देताच हवा आत शिरून ते मोकळे होई, आणि नेमके तेव्हाच दाणा भरत असे. त्यातून तांदूळ हेच तेथील रोजचे मुख्य अन्न, तर शिपहॅमच्या ताटात परसबागेची भाजी हा अन्नाचा एक लहान भाग. पालक, लेट्यूस यांसारख्या पालेभाज्या कॅडमियम अधिक शोषतात, शेंगा आणि फळभाज्या कमी, हेही या काळात स्पष्ट झाले.

ब्रिटनच्या कायद्यावर या अनुभवाची छाया पडलेली दिसते. बागेच्या मातीतील कॅडमियमसाठी किलोमागे ३ मिलिग्रॅम ही मार्गदर्शक पातळी १९८०च्या दशकात वापरात आली, तरी ती ओलांडली की जमीन आपोआप दूषित ठरत नाही, तर अधिक चौकशी करायची, असा तिचा अर्थ होता. आज तेथे जागेच्या वापराप्रमाणे आकडे बदलतात. २०१४च्या निकषांनुसार शिशासाठी भाजी पिकवणाऱ्या घराच्या बागेला किलोमागे २०० मिलिग्रॅम, तर केवळ भाजीसाठी वाटून दिलेल्या सार्वजनिक वाफ्यांना ८० मिलिग्रॅम ही पातळी धरली जाते. मातीत किती विष आहे यापेक्षा ते माणसापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला, आणि हीच शिपहॅमची खरी देणगी आहे.

महाराष्ट्रात माती परीक्षण म्हटले की अजूनही जमिनीचा कस एवढाच अर्थ घेतला जातो. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन असे बारा घटक असतात. जस्त त्यात आहे, पण पिकाला कमी पडू नये म्हणून. शिसे आणि कॅडमियम त्यात नाहीत. शेतासाठी हे बहुतेक वेळा पुरेसे असेल, परंतु मुंबई-पुण्यात सोसायटीच्या आवारात वा बंगल्यामागे भाजी लावणाऱ्या कुटुंबाची माती निराळ्या इतिहासाची असते. २००० सालापर्यंत देशभर शिसेयुक्त पेट्रोल जळत होते आणि रस्त्याकडेला पडलेले शिसे मातीच्या वरच्या थरातून सहजी हलत नाही. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा प्रत्यक्षात आली ती २०१७च्या अखेरीस, त्यामुळे जुन्या भिंतींचे पोपडे खालच्या वाफ्यात पडलेले असतात. गिरण्यांची रंगखाती, बॉयलरची राख, बॅटरी वितळवण्याच्या भट्ट्या, भराव घालून सपाट केलेले भूखंड यांचीही गणना येथेच होते. २०२५ साली केंद्र सरकारने प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले असून संशयित जागांचा अहवाल देण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकली आहे. मात्र घरामागचा चार चौरस मीटरचा वाफा कोणत्याही यादीत येण्याची शक्यता नाही.

तेव्हा हे काम घरातल्यांनीच करायचे आहे. जागेचा जुना वापर शेजारच्या वयस्कर रहिवाशांना विचारावा आणि सिटी सर्व्हे कार्यालयातील नोंदींत पाहावा. संशय आल्यास वाफ्याच्या निरनिराळ्या भागांतून, वरच्या पंधरा-वीस सेंटिमीटर थरातील माती घेऊन प्रयोगशाळेकडे शिसे, कॅडमियम आणि सामू यांची तपासणी नावे घेऊन मागावी, कारण नाव न घेतल्यास नेहमीचे बारा घटकच मोजून मिळतात. निकाल वाईट आला तरी भाजीचा नाद सोडण्याचे कारण नाही. आम्लधर्मी मातीत चुना मिसळावा, सेंद्रिय खत वाढवावे, पालेभाज्यांऐवजी शेंगा व फळभाज्या लावाव्यात, किंवा बाहेरून आणलेल्या खात्रीच्या मातीचा उंच वाफा अथवा कुंड्या कराव्यात. भाजी नळाखाली नीट धुऊन घ्यावी आणि लहान मुलांचे मातीने माखलेले हात जेवणापूर्वी न चुकता धुवावेत, कारण शिसे बहुतांशी भाजीच्या आतून नव्हे, तर मातीच्या धुळीतूनच पोटात जाते.