“नकळत झालं” म्हणणाऱ्यांना बुद्धाचे उत्तर

“मी जात मानत नाही, ते नकळत झालं.” हे वाक्य आपल्या तरुणांनी कितीदा ऐकले असेल! हिंगण्याहून रोज कारखान्यात जाणाऱ्या पोराचे आडनाव कळते आणि जेवणाच्या सुटीत शेजारचा डबा हळूच मागे सरकतो. टोकले की हे उत्तर. अर्थ असा, की नकळत घडले ते मेंदूने केले, माझ्या मनाने नाही; म्हणून मला जाब विचारू नका. मित्रांनो, नकळत घडते ते मनाचे की नाही, हा वाद जुना आहे आणि बौद्ध परंपरेने तो फार आधी घातला आहे.

युरोपात जॉन लॉकने १६९० च्या ग्रंथात भूमिका घेतली, की ज्याची जाणीव नाही तो विचार मनात असूच शकत नाही. लायब्नित्झने त्याला विरोध केला. फ्रॉइडचे स्वप्नांवरील पुस्तक १९०० चे. १९८३ मध्ये बेंजामिन लिबेटच्या प्रयोगात हात हलवण्याची इच्छा जाणवण्याच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत तयारी सुरू झालेली दिसली. ‘सगळे मेंदूच करतो’ म्हणणाऱ्यांना त्यातून बळ मिळाले.

आता मज्झिम निकायातील महामालुंक्य सुत्त पाहा. तान्ह्या बाळाला ‘मी’ ही कल्पनाही नसते, कर्मकांड म्हणजे काय तेही ठाऊक नसते. तरीही त्यांचा ‘अनुशय’, म्हणजे सुप्त कल, त्याच्यात असतो, असे बुद्ध सांगतात. हा अनुशय चित्ताचा भाग की चित्ताबाहेरचा, यावर निकायांत कडाक्याचा वाद झाला. परंपरेने अशोककालीन मोग्गलिपुत्त तिस्स यांच्या नावावर असलेल्या ‘कथावत्थु’त तो नोंदलेला आहे. अनुशय चित्तापासून अलग आहेत, हे मत थेरवाद्यांनी तिथे खोडून काढले. पुढे वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’त सौत्रांतिकांचे मत येते: झोपलेला क्लेश तो अनुशय, जागा झालेला तो उद्रेक. बी आणि अंकुर यांचे जे नाते, तेच यांचे.

मग हृदयाचे ठोकेही मनच का? नाही. मेंदू तेही नकळत सांभाळतो, पण हृदय कुणाचे आडनाव विचारत नाही. डबा सरकवणारा हात मात्र आडनावाचा अर्थ लावतो. हा अर्थ शिकलेला आहे आणि जे शिकलेले आहे ते मोडता येते. म्हणून ते मनाचेच.

परंपरा बाळाचा अनुशय पूर्वजन्माशी जोडते. बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला. तेव्हा जातीचे बी आईच्या पोटातून येत नाही; ते घर, पाणवठा आणि शाळा पेरतात. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त बाबासाहेब सांगतात, की जात ही विटांची भिंत नाही, ती मनाची अवस्था आहे. १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढणाऱ्या कॉ. शरद पाटलांनी हाच धागा पकडला. जाणिवेबरोबर नेणीवही बदलली पाहिजे, हे त्यांनी बौद्ध तर्कशास्त्राच्या आधारे मांडले.

राहिला प्रश्न जबाबदारीचा. बुद्धाने चेतनेला, म्हणजे हेतूला, कर्म म्हटले. मग नकळत सरकलेला हात सुटला का? पहिल्यांदा सरकला तेव्हा तो अनुशय होता, हे मान्य करू. पण दाखवून दिल्यावरही जो “नकळत झालं” म्हणत राहतो, त्याचे ते न पाहणे हेतुपुरस्सर आहे. तिथे कर्म सुरू होते आणि जाबही.

हा न्याय आपल्यालाही लागू आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. त्या तोंडाने म्हटल्या की जुने बी जळाले, असे होत नाही. लेकरू तापाने फणफणले की काळ्या दोऱ्याकडे आपलाही हात जातो. साहेबांच्या केबिनमध्ये पाठ आपोआप वाकते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मनाला केंद्रस्थानी ठेवतो, कारण मन घडवता येते. सम्यक व्यायाम आणि सम्यक स्मृती ही त्याची रोजची साधने आहेत.

म्हणून विहारातल्या अभ्यासवर्गात प्रतिज्ञा केवळ पाठ करू नका. एकेक प्रतिज्ञा घ्या आणि विचारा: माझा हात अजून कुठे सरकतो?

जय भीम! नमो बुद्धाय!